व्याज नाही, भाडं आहे: इंग्लंडच्या कायद्याने इस्लामी बँकिंगला कसं सामावून घेतलं

दापोलीच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा एक मित्र गेली बावीस वर्षं बर्मिंगहॅमला राहतो. कोकणी मुसलमान. घरात कोकणी, आमच्याशी मराठी, मुलांशी इंग्रजी. मागे एकदा त्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. घराच्या कागदपत्रांतलं ते एक पान होतं, महिन्याच्या हप्त्यांचा तक्ता. आपल्या गृहकर्जाच्या तक्त्यात 'मुद्दल' आणि 'व्याज' असे दोन रकाने असतात. त्याच्या तक्त्यात 'हिस्सा खरेदी' आणि 'भाडं' असे रकाने होते. खाली त्याने लिहिलं होतं, "अरे, स्वतःच्याच घराचं भाडं भरतोय. हस खुशाल."

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होतं. इंग्लंडमध्ये शरियत बँका चालतात, सरकारने शरियत कायदा मान्य केला, आता संपलं सगळं, असा त्याचा सूर. एकाने विचारलं, "हे खरं आहे का रे?" मित्र गप्प राहिला. ग्रुपवर तो अशा वेळी गप्पच असतो. मग मीच शोधायला बसलो. निघालं ते असं, की फॉरवर्डमधलं पहिलं वाक्य खरं आहे आणि दुसरं साफ खोटं.

मुळात मनाई कशाची आहे?

इस्लाममध्ये मनाई नफ्याला नाही, रिबाला आहे. रिबा म्हणजे उसने दिलेल्या पैशावर आधीच ठरवून घेतलेली वाढ, ढोबळमानाने आपलं व्याज. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात व्यापार हलाल आणि रिबा हराम असं एकाच आयतीत सांगितलं आहे. व्यापारात मधे एखादी वस्तू असते. ती फुटू शकते, नासू शकते, पडून राहू शकते. तो धोका पत्करणाऱ्याने नफा कमवावा. उसन्या पैशात मात्र देणारा सुरक्षित आणि घेणारा एकटाच टांगणीला, म्हणून ते नको. आपल्याकडे 'पैशाकडे पैसा जातो' म्हणतात. नुसता पैसाच पैसा ओढून आणतो, यालाच तिथे हरकत आहे.

ही हरकत जगावेगळी नाही. युरोपात चर्चने व्याजाला कित्येक शतकं पाप मानलं. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, 1545 साली, दहा टक्क्यांपर्यंतचं व्याज कायद्याने चालवून घेतलं गेलं. ज्यू धर्मातही आपसात व्याजाला मनाई आहे. त्यावर तोडगा म्हणून कर्जाला भागीदारीचं रूप देणारा एक करार आहे आणि इस्रायलमधल्या बँका तो आजही वापरतात.

इस्लामी बँकिंगचे तोडगे समजून घ्यायचे तर दुकानात जाऊ. फ्रिज रोखीने तीस हजारांना आहे. दुकानदार म्हणतो, सहा महिन्यांत द्या, पण तेहतीस पडतील. वरचे तीन हजार व्याज की उधारीची किंमत? फ्रिज खरोखर दुकानदाराच्या मालकीचा असेल आणि किंमत एकदाच ठरून पुढे वाढणार नसेल, तर तो व्यापार. याला मुराबहा म्हणतात. बँक वस्तू विकत घेते आणि नफा लावून तुम्हाला उधारीवर विकते.

दुसरा तोडगा इजारा. बँक वस्तू घेऊन ती तुम्हाला भाड्याने देते. पेशवाईतला इजारदार आपल्याला माहीत आहे, शब्द तोच. तिसरा म्हणजे भागीत घेणं. मित्राच्या घराला दुसरा आणि तिसरा मिळून लावला आहे. समजा घर दोन लाख पौंडांचं. चाळीस हजार तुम्ही घातले, एक लाख साठ हजार बँकेने. घरात तुमचा हिस्सा वीस टक्के आणि बँकेचा ऐंशी. राहता तुम्ही एकटे, म्हणून बँकेच्या हिश्शाचं भाडं द्यायचं. शिवाय दर महिन्याला तिचा थोडा थोडा हिस्सा विकत घ्यायचा. तुमचा हिस्सा वाढतो तसं भाडं घटतं आणि वीस-पंचवीस वर्षांनी घर पूर्ण तुमचं.

एकाच घरावर दोनदा स्टँप

अडचण धर्माकडून आलीच नाही, ती आली स्टँप ड्युटीकडून.

साध्या कर्जात घर एकदाच विकलं जातं, बिल्डरकडून तुमच्याकडे. बँक फक्त गहाणखत करते. इस्लामी पद्धतीत आधी बँक घर विकत घेते आणि मग ते तुमच्याकडे येतं. कायद्याच्या डोळ्यांना दोन विक्र्या दिसतात, म्हणून ड्युटी दोनदा. मुंबईत एक कोटीच्या फ्लॅटवर सहा टक्के, म्हणजे सहा लाख भरावे लागतात. तेच तुम्हाला बारा लाख भरायला सांगितलं तर श्रद्धा कितीही पक्की असो, माणूस दुसऱ्या बँकेची पायरी चढेल. इंग्लंडमध्ये 2003 च्या दरांनी दोन लाख पौंडांच्या घरावर दोन हजार पौंड ड्युटी होती. ती चार हजारांच्या घरात जायची, आणि महागड्या घरांवर तर दर तीन-चार टक्के होता.

2003 च्या अर्थकायद्यात ब्रिटनने ही दुसरी ड्युटी काढून टाकली. 2005 मध्ये ही सवलत भागीतल्या खरेदीलाही मिळाली. 'शरियत आणली' म्हणून ज्याचा गवगवा होतो त्याचा एक मोठा भाग एवढाच आहे. जे दिसायला दोन व्यवहार पण हेतूने एक आहे, त्याला कर एकदाच.

ज्या कायद्यात तो शब्दच नाही

2005 च्या ब्रिटिश अर्थकायद्यात या व्यवहारांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्याचं नाव मराठीत आणायचं तर 'पर्यायी वित्तव्यवस्था'. त्यात इस्लाम नाही, शरियत नाही, मुराबहाही नाही. एक पक्ष वस्तू विकत घेतो, दुसऱ्याला जास्त किमतीला विकतो, रक्कम नंतर मिळते आणि वरची रक्कम व्यवहारतः व्याजाच्या बरोबरीची असते, असं नुसतं वर्णन आहे. वर्णनात बसणारा व्यवहार एखाद्या निरीश्वरवाद्याने केला तरी हाच कायदा लागू. त्या वरच्या रकमेवर कर लागतो तोही व्याजासारखाच. तुम्ही नफा म्हणा, भाडं म्हणा, कर खात्याला त्याचं सोयरसुतक नाही.

हे वाचताना मला दामदुपट आठवली. आज 'दामदुप्पट' म्हटलं की गुंतवणूकदारांना गंडा घालून पळालेली मंडळी आठवतात. पण कायद्यातली दामदुपट नेमकी उलटी आहे. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये, हा धर्मशास्त्रातला नियम. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातली कोर्टं तो हिंदू कायदा म्हणून पाळायची आणि मूळ ऋणको हिंदू असेल तर त्याला त्याचा आधार मिळायचा. पुढे 1946 च्या मुंबई सावकारी कायद्यात मुद्दलापेक्षा जास्त थकलेलं व्याज कोर्टाने मंजूर करू नये असं कलम आलं. तिथे कर्जदाराची जात-धर्म विचारलेली नाही. धर्मशास्त्रातली कल्पना सरकारी कायद्यात आली आणि येताना धर्माचं नाव उंबऱ्याबाहेर ठेवून आली. ब्रिटनने 2005 मध्ये केलं ते याच जातीचं काम.

बुडू शकते ती ठेव कसली?

कर्जाचं जमलं, ठेवीचं काय? इस्लामी पद्धतीत ठेवीदार बँकेच्या धंद्यातला भागीदार असतो. नफा झाला तर वाटा, तोटा झाला तर तोही वाट्याला. ब्रिटिश कायद्यात मात्र 'ठेव' या शब्दाचा अर्थच असा, की ठेवलेली रक्कम पूर्ण परत मिळते. कमी मिळू शकत असेल तर ती गुंतवणूक झाली, ठेव नव्हे. आणि ठेव घेत नाही ती बँक नव्हे.

2004 मध्ये इस्लामिक बँक ऑफ ब्रिटनला परवाना देताना हा पेच उभा राहिला. आता ती अल रायान बँक या नावाने ओळखली जाते. निघालेला तोडगा मला फार आवडला. तोटा झाला तर बँक ठेवीदाराला पूर्ण रक्कम देऊ करेल, तो त्याचा कायदेशीर हक्क. पण धर्माच्या दृष्टीने हे पैसे मला नकोत असं ठेवीदाराला वाटलं तर तो ते नाकारू शकतो. कायद्याने हक्क दिला आणि तो सोडायची मुभा ज्याच्या त्याच्या मनावर सोडली. हक्क बजावायची सक्ती कुठल्याच कायद्यात नसते, एवढ्या साध्या गोष्टीवर अख्खी बँक उभी राहिली.

सरकारच भाडेकरू होतं तेव्हा

जून 2014 मध्ये ब्रिटिश सरकारने स्वतः सुकूक काढले. सुकूक म्हणजे व्याजाचं रोखं न काढता एखाद्या मालमत्तेच्या भाड्यात वाटा देणारं प्रमाणपत्र. एखादी चाळ दहा जणांनी मिळून घेतली आणि दर महिन्याचं भाडं वाटून घेतलं, तसंच काहीसं. इथे चाळीच्या जागी तीन सरकारी इमारती होत्या आणि भाडेकरू खुद्द सरकार. मुस्लिमबहुल नसलेल्या पाश्चात्त्य देशाच्या मध्यवर्ती सरकारने असं पहिल्यांदाच केलं. जर्मनीतल्या सॅक्सनी-आनहाल्ट या राज्याने मात्र दहा वर्षांपूर्वीच, 2004 मध्ये, दहा कोटी युरोंचे सुकूक काढले होते.

ब्रिटनला हवे होते वीस कोटी पौंड. मागणी आली साधारण दोनशे तीस कोटींची. परतावा ठरला वर्षाला 2.036 टक्के, आणि तो त्याच मुदतीच्या साध्या सरकारी रोख्यांच्या परताव्याइतकाच होता. भाडं आणि व्याज दशांश चिन्हाच्या पुढच्या तिसऱ्या आकड्यापर्यंत जुळलं. या आकड्याकडे आपण परत येऊ.

भांडण कोर्टात गेलं की

सगळं सुरळीत चालतं तोवर करारावर काय लिहिलंय हे कोण बघतो? कर्जफेड थांबली की पानं उलटली जातात.

बहारीनच्या शामिल बँकेने बांगलादेशच्या बेक्सिम्को समूहाला 1990 च्या दशकात मुराबहा पद्धतीने पैसे दिले. करारात एक वाक्य होतं. 'तेजस्वी शरियतीच्या तत्त्वांच्या अधीन राहून' हा करार इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे चालेल, अशा अर्थाचं. पैसे थकले, बँक लंडनच्या कोर्टात गेली. कर्जदारांनी बचाव केला, की हा मुराबहा नावापुरता आहे, आत व्याजी कर्जच आहे. व्याज शरियतीत हराम आणि करार तर शरियतीच्या अधीन, म्हणून करारच रद्दबातल.

बचाव चलाख होता. अपील न्यायालयाने जानेवारी 2004 मध्ये तो फेटाळला. एका कराराला एकच कायदा लागू होऊ शकतो आणि युरोपातल्या तेव्हाच्या नियमांनुसार तो कुठल्या तरी देशाचा असावा लागतो. शरियत ही कुठल्या देशाचा कायदा म्हणून इथे पुढे आलेली नाही. शिवाय शरियतीची तत्त्वं कोणती यावर विद्वानांतच मतभेद. ते मतभेद सोडवणं इंग्लिश न्यायाधीशाचं काम नाही. ते वाक्य बँकेचा धार्मिक बाणा सांगतं, करार ठरवत नाही. सही केलीत, पैसे द्या.

तेरा वर्षांनी तीच गोष्ट मोठ्या प्रमाणात घडली. शारजाच्या दाना गॅस या कंपनीने सत्तर कोटी डॉलरचे सुकूक काढलेले होते आणि ते ऑक्टोबर 2017 अखेर फेडायचे होते. जूनमध्ये कंपनीने जाहीर केलं, की आपणच काढलेले हे सुकूक आताच्या समजुतीप्रमाणे शरियतीत बसत नाहीत, म्हणून अमिरातीच्या कायद्यात बेकायदा आहेत. गुंतवणूकदारांना घाम फुटला. कंपनीने एक घोटाळा मात्र करून ठेवला होता. मुख्य करार अमिरातीच्या कायद्याखाली होता, पण मुदतीला सुकूकमागच्या मालमत्तेतला हिस्सा परत विकत घेण्याची हमी इंग्लिश कायद्याखाली. नोव्हेंबरमध्ये लंडनच्या न्यायाधीशांनी ही हमी वैध ठरवली. शारजाच्या कोर्टात मात्र कंपनीचा दावा चालूच होता. एकाच व्यवहाराचे दोन दोर दोन देशांच्या खुंट्यांना बांधलेले. शेवटी 2018 मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली.

या दोन्ही खटल्यांत धर्माचा मुद्दा कोणी काढला ते पाहा. कोणी मौलवीने नाही, कोणी श्रद्धाळू ठेवीदाराने नाही, काढला तो देणेकऱ्याने. पैसे घेताना व्यवहार हलाल होता, फेडायची वेळ आली तसा हराम झाला. इंग्लिश कोर्ट या वादात शिरायचं नाकारतं तेव्हा ते धर्माकडे पाठ फिरवतंय असं वरवर वाटतं. माझ्या मते ते धर्माचा असा वापर अडवतंय. त्यानंतर वकीलही शहाणे झाले. आता कित्येक करारांत 'हा व्यवहार शरियतीत बसत नाही असा बचाव मी घेणार नाही' असं वचन आधीच लिहून घेतात.

इथे एक शंका रास्त आहे. कोर्टाने नुसता कागदच बघायचा का? आपल्या मातीतला अनुभव वेगळा आहे. मुदतखरेदी खत ठाऊक नाही असा शेतकरी महाराष्ट्रात सापडणं कठीण. कागदावर जमिनीची विक्री, मनात कर्ज, आणि मुदत टळली की जमीन सावकाराची. 1875 मध्ये सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले ते सावकारांच्या अशाच कागदांवर. कुळांनी आधी कागद जाळले. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टाला कागदाच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा खरा इतिहास तपासायचा अधिकार दिला.

मग बेक्सिम्कोला तो न्याय का नाही? कारण अंगठा उठवणारं कूळ आणि वकिलांची फौज घेऊन सही करणारा उद्योगसमूह यांत फरक आहे. घर घेणारा साधा माणूस मात्र कुळाच्या जास्त जवळचा. म्हणूनच ब्रिटनमध्ये अशा घरखरेदी योजना 2007 पासून वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आल्या. ग्राहकाला आधी काय सांगायचं, हप्ता थकला तर कसं वागायचं, हे साध्या गृहकर्जाच्या धर्तीवर ठरलेलं आहे. 'भाडेकरूच आहेस, नीघ बाहेर' असं बँक उद्या सकाळी म्हणू शकत नाही.

शेवटी हे व्याजच ना, नाव बदललेलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि तो फक्त बाहेरचे विचारत नाहीत.

मित्राचं गणित पुन्हा मांडू. बँकेच्या एक लाख साठ हजारांच्या हिश्शावर पाच टक्के भाडं म्हणजे वर्षाला आठ हजार. शेजाऱ्याने तेवढंच कर्ज पाच टक्क्यांनी घेतलं तर पहिल्या वर्षाचं व्याजही तेवढंच. वर 2.036 चा आकडा पाहिलाच. फरक उरतो तो अडचणीच्या वेळी. हप्ता चुकला तर चक्रवाढ लागत नाही. उशिराचा दंड घेतला तर खर्च वजा जाता तो बँकेने दानात द्यायचा असतो. इंग्लिश कोर्टाने मंजूर केलेल्या रकमेवर कायद्याने आठ टक्के व्याज मिळतं, पण इस्लामी बँका पुष्कळदा ते घ्यायचं नाही असं करारातच लिहितात. हे फरक खरे आहेत, पण बारीक.

आणि काही व्यवहारांत तेही उरत नाहीत. तवर्रुक नावाचा प्रकार घ्या. तुम्हाला रोख पैसे हवेत. बँक धातूच्या बाजारातून तांबं किंवा ॲल्युमिनियम घेते, ते तुम्हाला वर्षभराच्या उधारीवर चढ्या भावाने विकते आणि तुमच्या वतीने लगेच तिसऱ्याला रोखीने विकून टाकते. रोख तुमच्या खात्यात, चढी किंमत तुमच्या डोक्यावर. तांबं गोदामातून इंचभर हलत नाही, त्याची मालकी मात्र चहा गार व्हायच्या आत दोन-तीनदा फिरते. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह (म्हणजे इस्लामी विधिशास्त्र) अकादमीने 2009 मध्ये अशा ठरवून केलेल्या तवर्रुकला नाजायज म्हटलं. तरी तो चालतो, कारण सोयीचा आहे. त्याआधी, 2007 च्या सुमारास, पाकिस्तानचे नामवंत विद्वान मुफ्ती तकी उस्मानी यांनी बाजारातले बहुतेक सुकूक तत्त्वात बसत नाहीत असं म्हटलं आणि बाजार हादरला होता.

हलाल-हराम ठरवणारी विद्वानांची समिती त्याच बँकेने नेमलेली आणि मानधनही तिचंच, ही तक्रारही जुनीच. मलेशियाने 2009 च्या कायद्याने मध्यवर्ती बँकेची एक शरियत परिषद अंतिम ठरवली आणि तिचा निर्णय कोर्टांवर बंधनकारक केला. लंडन तसं करणार नाही आणि करूही नये. एकदा सरकार हलालचा शिक्का मारू लागलं, की पुढचा वाद धर्माचा न राहता सरकारचा होतो.

मागच्या दाराने धर्माचा कायदा?

ग्रुपवरच्या फॉरवर्डचं उत्तर इथे आहे. ब्रिटनने केलं ते इतकंच: जास्तीचा कर काढला, ग्राहकाला संरक्षण दिलं, आणि वाद झाला तर आपलाच कायदा लावला. एका वाटेने मात्र शरियत खरोखर निकालापर्यंत पोचू शकते, ती म्हणजे लवाद. 1996 च्या ब्रिटिश लवाद कायद्यात दोन्ही पक्षांनी राजीखुशीने ठरवलं तर लवाद देशाच्या कायद्याऐवजी इतर तत्त्वांवर निवाडा देऊ शकतो. ही तत्त्वं ज्यू असू शकतात, इस्लामी असू शकतात, निव्वळ व्यापारी रिवाजही असू शकतात. पण तो निवाडा अमलात आणायचा तर शेवटी सरकारी कोर्टाचंच दार ठोठवावं लागतं.

आणि सामावून घेण्यालाही मर्यादा आहेत. ब्रिटनमध्ये शिक्षणकर्जावर व्याज लागतं म्हणून काही मुस्लिम मुलं कॉलेजच टाळतात. त्यांच्यासाठी बिनव्याजी पर्यायाची तरतूद 2017 च्या कायद्यात झाली. त्यानंतर ती योजना वर्षानुवर्षं कागदावरच राहिली. लंडनच्या बाजारात पैसा आणणारे सुकूक घोषणेनंतर काही महिन्यांत निघाले, विद्यार्थ्यांचं काम रखडलं. यात धर्मापेक्षा पैशाचा वास जास्त येतो.

आणि आपल्याकडे?

भारतात वाट मुळातच बंद आहे, आणि तीही धर्मामुळे नव्हे. 1949 च्या बँकिंग नियमन कायद्यात बँकेला मालाची खरेदी-विक्री करायला मनाई आहे आणि स्वतःच्या वापराची नसलेली स्थावर मालमत्ता साधारण सात वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही. मग बँक फ्रिज विकणार कसा आणि घरात पंचवीस वर्षं भागीदार राहणार कशी? रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असं सुचवलं होतं. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये तो विषय मिटवला. सगळ्या नागरिकांना बँकिंगच्या समान आणि व्यापक संधी आहेतच, हे कारण दिलं. केरळमध्ये सरकारी महामंडळाच्या सहभागाने निघालेल्या, शरियतीप्रमाणे चालणाऱ्या बिगरबँक कंपनीविरुद्धची याचिका तिथल्या उच्च न्यायालयाने 2011 मध्ये फेटाळली, म्हणजे निव्वळ गुंतवणूक कंपनीला अडचण नाही. आपल्या मुंबईच्या शेअर बाजारातही 2010 मध्ये शरियतीत बसणाऱ्या पन्नास कंपन्यांचा निर्देशांक सुरू झाला. दारू, जुगार, व्याजाचा धंदा करणाऱ्या आणि कर्जाने वाकलेल्या कंपन्या अशा निर्देशांकात घेत नाहीत.

ग्रुपवर मी यातलं बरंचसं लिहिलं. दोन अंगठे आले आणि गणपतीच्या वर्गणीचा विषय निघाला.

मित्राला मात्र रात्री फोन केला. मला एकच विचारायचं होतं. डिसेंबर 2021 पासून पुढच्या पावणेदोन वर्षांत बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर 0.1 वरून 5.25 टक्क्यांवर नेला. तेव्हा त्याच्या घरभाड्याचं काय झालं? तो हसला. "झालं काय, वाढलं. करारात भाडं त्याच दराला बांधलेलं आहे. व्याज वाढलं म्हणून माझं बिनव्याजी भाडं वाढलं."

"मग एवढा खटाटोप कशाला केलास?"

थोडा वेळ गेला. मग म्हणाला, "आमचे अब्बा आठवतात तुला? पोस्टात खातं होतं त्यांचं. व्याज जमा झालं की तेवढे पैसे वेगळे काढून ठेवायचे. घरात वापरायचे नाहीत, मशिदीलाही नाही. एस.टी. स्टँडमागच्या मुतारीची कडी तुटली होती, ती त्या पैशांनी बसवून दिली. दान म्हणून नाही हां. नकोत म्हणून."